जोडीदाराचं अंथरूण

६ एप्रिल १९९६, शनिवार

पोचलो एकदाचा. पहाटे वाशीच्या अलीकडे हायवेवर एसटीनं उतरवलं, तिथून रिक्षानं तुर्भे. आईनं दिलेली चटणीची बरणी फुटली नाही, खिसा शाबूत आहे, म्हणजे सुरुवात झकास.

नोकरी साबणाच्या कारखान्यात. उज्वला हे ऐकून पोट धरून हसली होती. तिचं म्हणणं, मी साबणसुद्धा आधी धुऊन मग वापरतो, तेव्हा देवानंच जागा शोधून दिली. हसू दे. मला घाण खपत नाही, याची लाज का वाटावी?

राहायला गावकीची खोली. आमच्या पाच वाड्यांनी मिळून ही जागा घेतली आहे, वाडीचा जो कोणी इकडे कामाला येईल त्यानं इथं राहायचं. दोन खोल्या, एक मोरी, चौदा माणसं. कारभार कोंडिबा तात्यांकडे. त्यांनी नियम सांगितले. विडी बाहेर ओढायची. जेवण शेजारच्या बाळाबाईंच्या खानावळीत. गावाला जाणाऱ्यानं सगळ्यांच्या पिशव्या घरोघर पोचवायच्या आणि येताना आणायच्या, त्यात कुरकुर चालणार नाही. आणि अंथरूण दोघांत एक. एक दिवसपाळीला गेला की दुसरा रात्रपाळीहून येऊन त्यावर झोपतो. माझी रात्रपाळी, आठ ते आठ. माझा जोडीदार कृष्णात, वरच्या वाडीचा. मी त्याला ओळखत नाही. वरची वाडी म्हणजे दोन तासांची चढण, कोण जातंय तिकडे.

सुट्टी शुक्रवारी. इथल्या सगळ्या कारखान्यांचीच शुक्रवारी असते म्हणे. सव्वीस तारखेचा शुक्रवार मी आत्ताच राखून ठेवला आहे. त्या दिवशी आमच्या राजलक्ष्मीचं उष्टावण आहे. तिचा मामा खीर भरवणार आणि मी मांडीवर घेऊन बसणार. सहा महिन्यांची होईल. मला विसरायच्या आत एक-दोन फेऱ्या मारायला हव्यात.

८ एप्रिल, सोमवार

काम चांगलं आहे. सुकलेल्या वड्या पट्ट्यावरून येतात, त्या कागदात गुंडाळून खोक्यात भरायच्या. पलीकडे मोठ्या कढया आहेत, त्यात चरबी आणि कॉस्टिक सोडा उकळतो. तिकडे जायचं नाही, असं माझ्याबरोबर पॅकिंगला असणाऱ्या बाजीरावांनी पहिल्याच दिवशी बजावलं. वीस वर्षं याच पट्ट्यावर उभं राहून त्यांची बोटं पांढरी, गुळगुळीत झाली आहेत. बोटांवर रेषाच उरल्या नाहीत.

सकाळी साडेआठला खोलीवर आलो. कोपऱ्यात माझं, म्हणजे आमचं, अंथरूण पसरलेलंच होतं. कृष्णात बिचारा घाईत गेला असेल. पडलो आणि झटकन उठलो. अंथरूण गरम होतं. नुसतं गरम नाही, दमट. मधोमध अंगाचा खळगा पडलेला.

माणसाच्या अंगाची ऊब आहे, विंचू नाही, अशी स्वतःची समजूत घातली आणि कडेला अंग चोरून झोपलो.

१० एप्रिल, बुधवार

हा कृष्णात माणूस आहे की काय आहे?

उशीवर रोज पातळ पापुद्रे पडलेले असतात. कांद्याच्या सालीसारखे, अर्धवट पारदर्शक. पहिल्या दिवशी मला खरंच कांदा वाटला. आज एक चिमटीत धरून उजेडात पाहिला तर त्यावर बारीक लव होती. माणसाची कातडी. मोरीवर जाऊन तीनदा हात धुतले.

माझ्या साबणाच्या वडीवर काळे केस चिकटलेले असतात. दाढीचं सामान ओलं असतं. दात घासायचा ब्रशही ओला होता. मी तो सरळ गटारात फेकला आणि नवा आणला. संध्याकाळी तोही ओला!

तात्यांना विचारलं, की कृष्णातला काही त्वचेचा रोग वगैरे आहे का. ते तंबाखू मळत होते. वर न बघता म्हणाले, "बरा हाय की. कामाचा लई ताण, सुट्टी मिळंना त्याला." पुढे म्हणाले, की शुक्रवारी गाठ पडायची नाही, शुक्रवारी तो गावाला जातो. सुट्टी मिळत नाही म्हणायचं आणि गावाला जातो म्हणायचं, हे कसं जमतं ते मला कळलं नाही. पण मोठ्या माणसाला उलट कुठं विचारणार?

१२ एप्रिल, शुक्रवार

पहिली सुट्टी. सकाळी खोलीतले आम्ही चौघं वाशीला जाऊन आलो. रुंद रस्ते, नवीन इमारती, दुकानांच्या काचा इतक्या लख्ख की आपलंच तोंड दिसावं. राजीला दोन झबली आणि उज्वलाला टिकल्यांचं पाकीट घेतलं.

दुपारी अंथरूण धुतलं. चादर बादलीत बुडवली तर पाण्यावर तेलकट साय आली. तीन पाणी काढली, तरी साय येतच होती. वास कसला म्हणाल तर सुरुवातीला साबणाचा, आणि त्याच्या मागून खवट चरबीचा. शेवटी तशीच पिळून टाकली.

चादर, गोधडी सगळं उन्हात वाळवलं. संध्याकाळी आत आणून घातलं, चहा पिऊन आलो, तर अंथरूण गरम. उन्हाची ऊब असेल. पण मधोमध खळगाही होता.

पुढच्या शुक्रवारी घरी जाणार. गुरुवारी रात्रीची गाडी, शुक्रवारी सकाळी घर, शुक्रवारी रात्रीची परतीची गाडी. दिवसभर राजीला खाली ठेवणार नाही.

१६ एप्रिल, मंगळवार

घात झाला. निर्यातीचा माल जायचा आहे म्हणून या शुक्रवारी सगळ्यांना ओव्हरटाइम. नाही म्हणायची सोय नाही, नव्या माणसाला तर नाहीच. खूप वाईट वाटलं.

खानावळीत गेलो तर बाळाबाई ताट वाढेनात. त्या इथल्याच, तुर्भे गावातल्या, डोळ्यांनी जरा कमी दिसतं. म्हणाल्या, "मंगाशी तर जेवून गेलास ना? दोन भाकऱ्या जास्तीच्या खाल्ल्यास. पानीबी पिलास." मी सांगितलं की तो कृष्णात असेल, माझा जोडीदार. त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं आणि म्हणाल्या, की कृष्णात कोण ते त्यांना नाही माहीत, आलेला तो मीच. वाढलं मात्र त्यांनी. भाताच्या ढिगाच्या कडेला एक पापुद्रा होता. ताट तसंच सारलं.

१८ एप्रिल, गुरुवार

एक युक्ती सुचली. मी नाही तर नाही, कृष्णात तर उद्या गावाला जातोच ना. खोलीचा नियमच आहे. पिशवीत झबली, टिकल्या आणि कारखान्यातून मिळालेल्या चार वड्या भरल्या. वर चिठ्ठी खोचली. त्यात लिहिलं: कृष्णातराव, एवढी पिशवी आमच्या घरी पोचवा. मारुतीच्या देवळामागचं कौलारू घर, दारात पेरूचं झाड. बायकोचं नाव उज्वला. मुलीला जरा उचलून घ्या, मला येता येत नाही.

अंथरुणावर पिशवी ठेवली आणि कामाला निघालो. माणूस घाणेरडा असला म्हणून काय झालं, गाववाला आहे.

१९ एप्रिल, शुक्रवार

सकाळी आलो तर पिशवी नव्हती. आणि अंथरूण थंडगार होतं. कोरडं, स्वच्छ, खळगा नाही, पापुद्रा नाही. दोन आठवड्यांत पहिल्यांदा मी पालथा पसरून घोरत झोपलो. कृष्णात दर दिवशी गावाला का जात नाही, असा विचार आला आणि हसलो.

२० एप्रिल, शनिवार

परत आलाय. अंथरूण नुसतं गरम नाही, ओलं आहे. हात ठेवला तर तळव्याला बुळबुळीत काहीतरी लागलं आणि तार निघाली.

पिशवी उशाला होती. आत उज्वलाचा स्टीलचा डबा, बेसनाचे लाडू. आठ असतील, त्यांतले पाच अर्धे चावलेले. चावल्या जागी पापुद्रे चिकटलेले. माझ्या बायकोनं माझ्यासाठी रात्री बसून वळलेले लाडू. मी ते सगळे नाल्यात फेकले आणि रडलो. रागानं.

चादरीला आज आणखी एक वास आहे. त्या खवट वासाच्या आत, मधूनच, लहान मुलाच्या पावडरचा. मीच त्याला राजीला उचलून घे म्हणून लिहिलं होतं.

२२ एप्रिल, सोमवार

गोधडीच्या घडीत एक मनगटी सापडली. काळ्या-पांढऱ्या मण्यांची, दृष्ट लागू नये म्हणून घालतात तसली. दोरा आईच्या गाठीचा आहे. राजीच्या डाव्या हातातली.

माझ्या बोटांची कातडी निघायला लागली आहे. कॉस्टिकचं असेल.

शेजारच्या दोघांनी आपली अंथरुणं माझ्यापासून दूर सरकवली. एकानं तोंडावर रुमाल बांधला होता.

२३ एप्रिल, मंगळवार

उज्वलाचं पत्र आलं. जसंच्या तसं उतरवून ठेवतो, म्हणजे मला वेड लागलं नाही एवढं तरी कळेल.

"सप्रेम नमस्कार. शुक्रवारी तुम्ही रात्रीच्या गाडीनं गेलात, नीट पोचल्याचं कळवा. सव्वीसच्या आधी याल असं वाटलं नव्हतं आणि एकदम दारात उभे, मला किती आनंद झाला. पण तुम्ही फार कमी बोललात. सारखं सुट्टी मिळाली, सुट्टी मिळाली एवढंच. तुमच्या अंगाला कसला वास येतो हो? कारखान्याचा असेल. पाठीची सालपटं निघत होती, मी तेल लावून दिलं तर माझ्या हातात नुसता थर आला. डॉक्टरला दाखवा. राजी आधी खूप रडली. मग तुम्ही तिच्या तोंडात बोट दिलंत तेव्हा चोखत शांत झाली. त्या दिवसापासून दूध नीट पीत नाही. तिची मनगटी सापडत नाही, तुमच्या पिशवीत गेली का ते बघा. आणि आता सव्वीसला या."

मी गेलोच नव्हतो. त्या दिवशी मी इथं सकाळी झोपलो आणि नंतर ओव्हरटाइमला साबण गुंडाळत होतो.

तिच्या तोंडात बोट.

२४ एप्रिल, बुधवार

आज अंथरूण थंड.

तो घरी आहे. माझ्या घरी.

धावत एसटीडी बूथवर गेलो. वाडीत फोन फक्त किराणा दुकानात. दुकानदार नंदकुमार, माझ्याच वर्गातला. म्हटलं, इंद्रजित बोलतोय, उज्वलाला बोलाव, तिला म्हणावं राजीला घेऊन माहेरी निघून जा. तो हसला. म्हणाला, कोण थट्टा करतंय, इंद्रजित तर हा काय समोर उभा आहे, उष्टावणाचा गूळ न्यायला आलाय. नोकरी सोडून कायमचा आलाय.

मग फोनवर कुणीतरी श्वास घेतला. ओला श्वास. मी रिसीव्हर टाकून पळालो.

२५ एप्रिल, गुरुवार

हिशेब मागून नोकरी सोडायला कारखान्यात गेलो. बाजीरावांनी माझे हात पाहिले आणि मागे सरले. म्हणाले, कृष्णातचे हात असेच दिसत होते. मी विचारलं कुठला कृष्णात. तर म्हणाले तुमच्याच खोलीतला, दोन वर्षांपूर्वी कढईत पडला. बाहेर काढला तेव्हा धरायला कातडीच नव्हती. तू त्याच्याच जागेवर लागलास, माहीत नाही का?

खोलीवर येऊन तात्यांची गचांडी धरली. जन्मात मोठ्यांच्या अंगावर हात टाकला नव्हता. त्यांनी सगळं सांगितलं. कृष्णातला इथंच जाळला. त्याची म्हातारी आई वरच्या वाडीत एकटी होती, तिला सांगायला कुणाचा धीर झाला नाही. मग दर शुक्रवारी गावाला जाणारा तिला सांगायचा, बरा हाय, सुट्टी मिळंना. वर्षभर. वाट बघतच म्हातारी गेली. तरी कुणी बोललं नाही. खोलीतला माणूस गेला की त्याचं अंथरूण गावच्या शिवेवर नेऊन ठेवायचं आणि अमका गेला असं मोठ्यानं म्हणायचं, ही आमची रीत. ते केलं असतं तर म्हातारीला वर्षभर सांगितलेलं खोटं उघडं पडलं असतं. म्हणून अंथरूण तसंच कोपऱ्यात राहिलं. आधी तिघं त्यावर झोपले, तिघंही महिन्याच्या आत सोडून गेले.

मग मला का नाही सांगितलं, विचारलं. तर म्हणे, सवयीनं तोंडातून तेच गेलं.

सवयीनं! माझ्या लेकराच्या तोंडात —

तात्या रडत म्हणाले, "पिशवी द्यायची न्हवती, लेका. त्याला घर उरलं न्हवतं. तू पिशवी दिलीस म्हंजी त्याला घर दावलंस."

आता एकच उपाय. अंथरूण गुंडाळून काखेत घेतलं आहे. रात्रीची गाडी धरतो. शिवेवर ठेवणार, मोठ्यानं म्हणणार. उद्या शुक्रवार. उद्या उष्टावण.

२६ एप्रिल, शुक्रवार, सकाळ

गाडीत शेजारी कुणी बसलं नाही. कंडक्टरनं तिकीट लांबून टाकलं. वळकटी मांडीवर, रात्रभर गरम. मधूनमधून हलत होती. किंवा माझे पाय —

उजाडताना ओढ्याशी उतरलो. शिवेच्या दगडावर अंथरूण ठेवलं. कृष्णात गेला, असं तीनदा ओरडलो. मागं वळून पाहिलं नाही. केलं. सगळं रीतीप्रमाणे केलं.

नंतर, ओट्यावर

माझ्या घराच्या ओट्यावर बसून लिहितो आहे. आत जाऊ देत नाहीत.

उज्वलानं दार उघडलं. पदर नाकाला लावला. माझ्याकडं बघून नाही, माझ्या हातांकडं बघून. मग म्हणाली, "तुमीच कृष्णात भावजी न्हवं? ह्ये कालच म्हणत हुते, अंथरूण शिवेवर ठिवून येतील म्हणून." मी म्हटलं उज्वला, मी आहे. माझा आवाज घोगरा, ओला निघाला. ती मागं सरली. तांब्या लांब ठेवला. पाणी घ्या म्हणाली, आज घरात लेकराचं उष्टावण हाय, वाईट वाटून घेऊ नका, हितंच बसा.

आई बाहेर आली. माझी आई. म्हणाली तुझी म्हातारी लई वाट बघत गेली रं पोरा. आणि तिनंही नाक —

मनगटी दाखवली. उज्वलानं ती फडक्यात धरून घेतली आणि धुवायला नेली.

हाताचा अंगठा वहीला चिकटला. सोडवला तर

खिरीचा वास येतोय. वेलची. आत हसताहेत. राजी रडत नाही. का रडत नाही? दाराच्या फटीतून दिसतंय, ती माझ्या मांडीवर बसली आहे. म्हणजे त्याच्या. त्यानं माझा इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलाय. हात स्वच्छ. नखं कापलेली. एक पापुद्रा नाही.

मामानं वाटी पुढं केली. तो म्हणतो पहिला घास मीच —

बोट खिरीत —

हाक मारली. कुणी वळलं नाही. ओट्यावर माझ्या तोंडातून काय पडलं ते मी बघणार नाही.

आत आई विचारते आहे, बाहेरचा कृष्णात कसा आहे. आणि तो माझ्या आवाजात सांगतो आहे, बरा हाय, सुट्टी